फळीवरचा फुगलेला डबा

मित्रांनो, मी टोमॅटोचा एक जुना, पत्र्याचा डबा आहे. माझा आवाज कापरा वाटला तर हसू नका. पोटात काहीतरी भयंकर चाललंय हे कळतं, पण सांगायला तोंड नाही, अशा डब्याने थरथरू नये तर काय करावं?

एका कारखान्यात सोललेले लालबुंद टोमॅटो माझ्यात भरले, झाकण घट्ट बसवलं आणि अंगावर देखणा कागद चिकटवला. राजगड चढायला निघालेल्या मंडळींच्या पाठपिशवीतून मी गडाच्या पायथ्याच्या पाली गावात आलो. वाटेत दगडावर आपटून माझ्या कडेला पोचा पडला. गावाच्या वरच्या अंगाला शेरडं राखणाऱ्यांची चार घरं आहेत. तिथल्या धोंडाबाईंनी त्या मंडळींना ताक पाजलं. जाताना त्यांनी मला धोंडाबाईंच्या हाती दिलं.

इकडच्या पावसात भिंतींनाही बुरशी धरते. म्हणून बियाणं, मीठ, सुकट, जे जे जपायचं ते चुलीच्या वरच्या फळीवर धुराच्या उबेत ठेवतात. धोंडाबाईंनी मलाही मोठ्या मायेने तिथेच ठेवलं. शेजारी तेलाचा डबा होता. तो रोज खाली उतरायचा, मी मात्र शेकत बसायचो. पावसाळा सरता सरता माझ्या पोटात गुडगुडू लागलं. झाकण हळूहळू वर आलं. मला फार भीती वाटू लागली.

त्याच सुमारास धोंडाबाईंच्या नातसुनेला, सुलक्षणाला, सातवा महिना लागला होता आणि तपासणीत रक्त कमी निघालं होतं. तिची नणंद प्रांजल आठवीत शिकते. शाळेसाठी आहाराचा तक्ता करायचा म्हणून तिने आम्हा दोघा डब्यांना खाली काढलं आणि कागदांवरचे आकडे वहीत उतरवले. शंभर ग्रॅम तेलात नऊशे कॅलरी, तेवढ्याच टोमॅटोत जेमतेम पंचवीस. तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश, वरून घातलेलं थोडं अ आणि ड जीवनसत्त्व. माझ्याकडे क जीवनसत्त्व, तंतू, थोडं मीठ आणि तो लाल रंग. क जीवनसत्त्वामुळे नाचणीतलं लोह अंगी लागतं आणि लाल रंगातला गुण थोड्या तेलाबरोबर चांगला मुरतो, असं तिच्या बाईंनी शिकवलं होतं. म्हणजे आम्ही दोघे एकमेकांचे सोबतीच निघालो.

एरवी मी फुशारून गेलो असतो. पण ते आकडे मला भरलं त्या दिवसाचे होते. आज आत काय झालंय, ते कागदावर कुठे होतं?

"वैनी, ह्याची भाजी करू नाचणीच्या भाकरीसंगं," प्रांजल म्हणाली. "बघ की, कसा टच्च भरलाय. तुजं रगत वाढंल."

सुलक्षणाने कढईत तेल सोडलं. प्रांजलने खिळा माझ्या झाकणावर टेकवला आणि दगड उचलला. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सुलक्षणा अगदी जवळ बसली होती.

तेवढ्यात धोंडाबाई शेरडं कोंडून घरात आल्या. माझ्याकडे पाहून त्या थबकल्या. त्यांनी नातीच्या हातातला दगड काढून घेतला आणि बोटाने माझं झाकण दाबून पाहिलं. ते तसूभरही खाली गेलं नाही.

"ह्याचं प्वाट फुगलंय," त्या म्हणाल्या.

"आजी, पर कागदावर लई चांगलं लिवलंय."

"लिवलं आसंल. फुगलेल्या शेळीचं दूध आपण वैनीला पाजतो का?"

सुलक्षणाने कढई खाली उतरवली. तिचा हात नकळत पोटावर गेला. प्रांजलने घाबरून बाईंना मोबाईल लावला. बाईंनी बजावलं, असा डबा उघडायचा नाही, चाखायचा नाही, कुत्र्यालाही घालायचा नाही. त्यातल्या विषाने श्वास बंद पडू शकतो. ते ऐकून धोंडाबाई खाली बसल्या.

"चूक माजी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "म्याच त्येला उबंला ठेवला व्हता."

त्याच संध्याकाळी मला गोठ्यामागे कमरेइतक्या खड्ड्यात पुरलं आणि वर दगड रचले. मित्रांनो, मी अजून इथेच आहे. कागद कधीच गळून गेला. पत्रा गंजतोय, आणि कुणी दगड हलवला तर काय होईल, ही भीती जात नाही. वरून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं की तेवढं बरं वाटतं.

तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेल, तर त्याला थंड, कोरड्या जागी ठेवा. आकडे जरूर वाचा, पण आधी झाकणावर बोट ठेवून बघा. ते फुगलेलं असेल, तर माझ्या वाटची भीती तुम्ही बाळगा आणि घरच्यांना हाक मारा. मला ती मारता आली नव्हती.