डीमधली जागा

वडील गेल्यावर दुकानाची वाटणी झाली, ती मामांनी करून दिली. दुकान पाट्यांचं. दारावरच्या नावांपासून रस्त्यावरच्या बाणांपर्यंत सगळ्या पाट्या तिथं व्हायच्या. पुढची खोली थोरल्याला, मागची धाकट्याला. रंगांचे डबे, शिड्या, मोजपट्ट्या, सगळ्यांचे दोन वाटे झाले. अडलं ते कॉम्प्युटरपाशी. कॉम्प्युटर एकच होता आणि तो काही करवतीनं कापता येत नव्हता. मामा बराच वेळ त्याच्याकडे रागानं बघत बसले. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आतली डिस्क आधीच दोन भागांत आहे, एक सी आणि एक डी, असं त्यानं सांगितलं आणि मामांच्या जिवात जीव आला. सी थोरल्याला, डी धाकट्याला. एकमेकांच्या भागात कुणी डोकावायचं नाही, असा शब्द त्यांनी दोघा भावांकडून घेतला आणि समाधानानं घरी गेले.

कॉम्प्युटर मधल्या दारापाशी ठेवला, म्हणजे दोन्ही खोल्यांतून हात पोचेल असा. थोरला त्यावर अक्षरं काढायचा. धाकटा तीच अक्षरं कापायच्या मशीनला द्यायचा. मशीन चिकट कागदातून ती कापून काढायचं आणि धाकटा ती पाटीवर चिकटवायचा. थोरल्यानं काढलं नाही तर धाकट्याकडे कापायला काही नसे. धाकट्याला याचं कधी काही वाटलं नाही. त्याच्या बायकोला मात्र वाटायचं, आणि सारखं वाटायचं.

ही धाकटी दुकानात गिऱ्हाईक सांभाळायची. बाई चलाख, पण संशयानं पोखरलेली. समोरच्यानं सुट्टे पैसे बरोबर दिले तरी हा इतका बरोबर कसा वागतो, अशी शंका घेणारी. तिच्या डोक्यात एकच भीती घर करून होती: आज ना उद्या थोरला स्वतःचं वेगळं मांडणार, आणि आपला नवरा मशीनवरची धूळ पुसत बसणार. त्यामुळे थोरल्याच्या प्रत्येक हालचालीवर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. त्यानं नवी पेन्सिल आणली तरी ती कुणासाठी, हे तिला कळायला हवं असायचं.

एका दुपारी थोरला मधल्या दारात उभा राहिला. मशीन करकरत होतं, म्हणून जरा मोठ्यानं म्हणाला, "अरे, सी गळ्यापर्यंत भरलीय. एक-दोन प्रोग्राम डीमध्ये हलवायला लागतील. चालेल ना?"

"हलव की," धाकटा मान वर न करता म्हणाला.

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. ती लगबगीनं पुढे आली. "पण दादा, प्रोग्राम असा हलतो का? मागे ह्यांनी एक फोल्डर उचलून तिकडे टाकलं होतं, तर काही चालेनाच."

"तसं उचलून नाही चालत," थोरला खुशीत आला. त्याला समजावून सांगायला आवडायचं. "प्रोग्राम आपला पत्ता दहा ठिकाणी लिहून ठेवतो. नुसतं उचललं की सगळे जुन्या पत्त्यावर जातात आणि हात हलवत परत येतात. माझ्याकडे एक छोटं टूल आहे. ते सगळं सामान डीमध्ये नेतं आणि सीमध्ये फक्त दार ठेवतं. कुणी जुन्या पत्त्यावर गेलं तरी त्या दारातून बरोबर नव्या जागी पोचतं. कुणाला कळतसुद्धा नाही."

धाकटीनं एवढंच ऐकलं: कुणाला कळतसुद्धा नाही.

"बघून सांगतो आम्ही," ती म्हणाली.

धाकट्यानं आता मान वर केली, पण बायकोचा चेहरा बघून परत खाली घातली.

ती रात्रभर नाही तरी जेवणभर बोलत राहिली. "आज दोन प्रोग्राम, उद्या चार. दार त्यांच्याकडे आणि पसारा आपल्याकडे, असला कसला हिशेब? मामांनी काय सांगितलं होतं? उद्या वेगळे व्हायची वेळ आली की म्हणतील, डीमध्येही निम्मं माझंच आहे. मग?"

"दादा तसा नाही."

"तसा कुणीच नसतो. नंतर होतो."

धाकटा पाणी प्यायला आणि ताट उचलून उठला. 

सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणावं तर वाईटपणा, हो म्हणावं तर जागा गेली. तेव्हा तिनं तिसरा मार्ग काढला. डीमध्ये त्यांच्या लग्नाचा व्हिडिओ होता. लांबलचक, निम्म्या वेळात तर नुसती माणसं जेवताना दिसायची. दुसऱ्या दिवशी थोरला माप घ्यायला बाहेर गेला आणि धाकटा कागदाचा रोल आणायला, तशी ती कॉम्प्युटरपाशी बसली आणि तिनं त्या व्हिडिओची कॉपी केली. मग आणखी एक. मग आणखी. प्रत्येक कॉपीबरोबर डीच्या नावाखालची निळी पट्टी थोडी पुढे सरकत होती आणि धाकटीला हायसं वाटत होतं. शेवटी पट्टी लाल झाली. नवऱ्याच्या रोजच्या कामाला पुरेल इतकी चिमूटभर जागा तिनं ठेवली, कारण ती संशयी असली तरी अव्यवहारी नव्हती.

संध्याकाळी ती सहज म्हणून बोलल्यासारखं बोलली, "दादा, डीमध्येही जागा नाही हो. तुम्हीच बघा."

थोरल्यानं वाकून बघितलं. लाल पट्टी दिसली. "अरेच्चा. खरंच की." आत उघडून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. शब्द दिला होता ना. "बरं, बघू काहीतरी."

इतक्या सहज मान्य केलं, म्हणजे ह्यात काहीतरी पाणी मुरतंय, असं धाकटीला वाटलं.

पुढच्या आठवड्यात इस्पितळाचं काम आलं. नवी इमारत, प्रत्येक खोलीला पाटी, प्रत्येक वळणावर बाण. दोघा भावांना असं काम बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं. थोरल्यानं सगळी अक्षरं काढून दिली. धाकट्यानं मशीन सुरू केलं, आणि ते मध्येच थांबलं. पडद्यावर संदेश: डिस्कवर जागा नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. अर्धवट कापलेले बाण जमिनीवर पडले. तारीख जवळ आली होती, आणि काम गेलं असतं तर पुढचंही गेलं असतं.

"तुम्ही जेवून या," थोरला म्हणाला. "मी बघतो."

धाकटी जेवली, पण घास गोड लागला नाही. तो तिथे एकटा आहे, कॉम्प्युटर आहे, आणि आपण इथे भाजी वाढून घेतोय. ती नवऱ्याच्या आधी उठली आणि जवळजवळ पळतच दुकानात आली. मशीन छान चाललं होतं. थोरला खुर्ची मागे घेऊन डोळे चोळत बसला होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

तो हात धुवायला गेला तशी तिनं आधी डी बघितली. लाल पट्टी जशीच्या तशी. मग सी बघितली. तिथं भरपूर जागा. आता ती चक्रावली. जागा आली कुठून? पडदा नीट निरखला तेव्हा तिच्या लक्षात आलं की थोरल्याचा अक्षरं काढायचा प्रोग्राम, ज्याच्यावर तो दिवसभर बसायचा, तोच दिसत नाही. गेला. स्वतःच्या कामाचं सगळं आवरून घेतलं, म्हणजे वेगळं मांडायची तयारी झाली.

"दादा, तुमचा तो अक्षरांचा प्रोग्राम कुठे गेला?" थोरला पंचाला हात पुसत आला तशी तिनं विचारलं.

"काढून टाकला."

"का?"

"मशीनच्या प्रोग्रामला जागा हवी होती. तोच तर हलवायचा होता ना डीमध्ये. तुमचाच तो, पण पहिल्यापासून सीमध्ये बसलाय. सगळेच प्रोग्राम तिथे आहेत. मशीनचा सगळ्यात मोठा." तो अगदी साधेपणानं सांगत होता. "तुमच्याकडेही जागा नाही म्हटल्यावर काय करणार? फालतू सगळं आधीच काढून झालं होतं. मग दोघांतला एक जायलाच हवा होता. अक्षरं काय, मी हातानंही काढीन."

"पण तो परत टाकता येईल," धाकटी म्हणाली.

"नाही येणार. कंपनी केव्हाच बंद पडली. प्रोग्राम बसवताना विकत घेतल्याचा नंबर टाकला की तो त्यांच्याकडे तपासला जायचा. आता तिकडे तपासायला कुणी नाही. होता तोवर चालला." आणि तो मशीनमधून येणारे बाण उचलायला गेला.

धाकटीला तिथं बसवेना आणि उठवेना. तिला स्वतःची लाज वाटली. कॉप्या पुसून टाकाव्यात असं तिच्या मनात आलं. पण पुसल्या तर लाल पट्टी निळी होणार, आणि थोरला बघणार. काल भरलेली जागा आज मोकळी कशी, असं त्यानं विचारलं तर? तेव्हा तिनं काहीच केलं नाही. लग्न जिथल्या तिथं राहिलं.

काम वेळेत गेलं. इस्पितळवाले खूश झाले. थोरला आता मोठ्या कागदावर पेन्सिलीनं अक्षरं काढायचा, त्याचा फोटो कॉम्प्युटरमध्ये घालायचा आणि धाकटा त्यावरून कापायचा. वेळ जास्त लागायचा. फोटो मोठे असायचे आणि ते धाकट्याच्या डीमध्ये जायचे. अशा चार-सहा पाट्या झाल्या आणि डीमधली ती चिमूटभर जागाही संपली.

धाकटी गिऱ्हाइकाला रंग दाखवत होती, तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला. "दादा, जरा बघ ना. माझी डी कशानं भरलीय कळत नाही. मी तर एवढं काही ठेवलेलंच नाही."

"उघडू?"

"उघड की. विचारतोस काय?"

धाकटीनं रंगांचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात तसाच ठेवला आणि ती मधल्या दाराशी आली. पण उशीर झाला होता. पडद्यावर लग्न, लग्न कॉपी, पुन्हा लग्न कॉपी, अशी एकाखाली एक रांग होती. प्रत्येकापुढे तारीख होती. सगळ्या कॉप्यांची एकच, आणि तीही थोरल्यानं जागा मागितल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

धाकटा खो खो हसला. "हे काय? एवढी लग्नं कधी केली मी?"

थोरला हसला नाही. त्यानं एकदा तारखांकडे बघितलं, एकदा मधल्या दाराकडे. धाकटीला वाटलं, आता तो बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. तिनं उत्तर तयार ठेवलं होतं, रडणंही तयार ठेवलं होतं.

"चुकून झालं असेल," तो धाकट्याला म्हणाला. "कॉपीचं बटण अडकतं कधीकधी. एक ठेवू आणि बाकीची काढू का?"

"काढ, काढ."

लग्नं गेली. पट्टी निळी झाली, आणि नुसती निळी नाही, जवळजवळ रिकामी. मशीनचा प्रोग्राम दोनदा हलवला असता तरी मावला असता. थोरला खुर्चीवरून उठला आणि पुढच्या खोलीत आपल्या कागदापाशी जाऊन बसला.

त्या दिवशी धाकटीनं त्याच्यासाठी स्वतः चहा केला. त्यानं घेतला, छान झालाय म्हणाला. तिला वाटलं, मिटलं. थोरला मोठ्या मनाचा आहे, असं तिनं त्या रात्री नवऱ्यालाही सांगितलं, आणि कशावरून सांगतेस हे त्यानं विचारलं नाही म्हणून तिला बरं वाटलं.

सकाळी ती गल्ल्यापाशी बसली होती. थोरला आतून आला. गल्ल्याशेजारी खोडरबर पडलं होतं, कुणाच्याच वाट्याला न आलेलं, वडिलांच्या वेळेपासूनचं. तो ते उचलायला वाकला आणि मध्येच थांबला.

"हे घेऊ का?" त्यानं विचारलं.

"घ्या ना दादा. विचारता काय?"

त्यानं घेतलं, काम झाल्यावर आणून तिच्यासमोर ठेवलं. थोड्या वेळानं खोडरबरासाठी पुन्हा आला, आणि हात मागे बांधून तिनं वर बघायची वाट बघत उभा राहिला.