सहअध्यक्ष

"डॉक्टरबाई, बाळंतपणाचा वॉर्ड तुमीच बंद केला म्हणं. भाईर फोटू हाय तुमचा."

रहमतबी हे भांडायला बोलत नव्हती. तिची सून उमैमा मागे बाकावर कळा सोसत होती आणि शिपाई सांगत होता, वॉर्डाला कुलूप आहे. डॉक्टर समीक्षा तरातरा फाटकाशी गेली. फ्लेक्सवर गुडघ्याच्या ऑपरेशनचा नवा विभाग, आज उद्घाटन, रुग्णालय आणि डॉक्टरांच्या संयुक्त समितीचा निर्णय. आणि सहअध्यक्ष म्हणून तिचा हसरा फोटो. प्रसूती विभाग बंद, हे त्याच्या खाली, बारीक अक्षरांत.

काय म्हणावं या माणसांना. वर्षापूर्वी हदगावच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात अध्यक्ष लक्ष्मणरावांनी शाल-नारळ देऊन तिला या समितीची सहअध्यक्ष केलं. आता दवाखाना दोघांनी मिळून चालवायचा, असं भरसभेत बोलले. पुढे प्रत्येक बैठक नेमकी ओपीडीच्या वेळेला. रांग संपवून ती पोचायची तोवर चहाचे कप उचलले जात असायचे. भूलतज्ज्ञाला काढलं, तेही तिला त्या भूलतज्ज्ञानेच येऊन सांगितलं. ती भांडली, तर म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. आत राहिलं तरच काही करता येईल, असं तिलाही वाटत राहिलं.

तिने कुलूप तोडायला लावलं. उमैमाला तपासलं, तर बाळ आडवं. सिझेरियन हवं, आणि भूल द्यायला माणूस नाही. नांदेडला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स काढायला सांगून ती स्वतःच आत चढली.

गाडी फाटकाबाहेर पडते तोच लक्ष्मणरावांचा फोन आला.

"म्याडम, पावणे बसून राहिलेत. फीत तुमीच कापायची हाय, समितीचं ठरलंय."

"माझ्या नावानं सगळं तुम्हीच ठरवत आलात," ती म्हणाली. "फीतही माझ्या नावानं तुम्हीच कापा."

फोन बंद करून तिने बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र उमैमाच्या पोटाला लावलं. ठोके मंद होते, पण येत होते. अर्धापूरच्या अलीकडे ते ऐकू येईनात. तिने यंत्र इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं.

"लागून राहिले ना ठोके?" रहमतबीने हळूच विचारलं.

उमैमाचे डोळे मिटलेले होते. समीक्षाने नकारार्थी मान हलवली आणि ड्रायव्हरला अजून वेगाने चल म्हणाली.

रहमतबीने सुनेच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला, आणि मग त्याच पदराने डॉक्टरबाईंचे डोळेही पुसले.