अपोलोचे शंटिंग

दीक्षा साळवेला दौंडच्या शाळेत विज्ञान शिकवू लागून दोन वर्षे होत आली होती आणि तिला कायम करायचे की नाही, हे एका पाठावर ठरणार होते. साल १९९९, जुलै महिना. माणूस चंद्रावर उतरल्याला तीस वर्षे झाली म्हणून तिने तोच विषय निवडला. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका वही उघडून बसल्या होत्या. शेजारी निमंत्रित पालक.

पुठ्ठ्याचे यान तिने दोन दिवस खपून केले होते. रॉकेटच्या टोकाला इंजिनासह तीन माणसांचा कक्ष आणि त्याच्या नाकावर चंद्रावर उतरायचे यान, डिंकाने पक्के चिकटवलेले. चंद्राजवळच्या चित्रात ते तसेच होते. उड्डाणाच्या वेळीही तसेच असणार, हे तिने गृहीत धरले होते. उड्डाणाचा एक फोटो तिने भिंतीवर लावला होता.

पालकांतले भिमामामा उठले. रेल्वे यार्डात शंटिंगमध्ये, म्हणजे इंजिन-डबे सोडण्या-जोडण्यात, त्यांची सत्तावीस वर्षे गेली होती.

"बाई, भितीवरच्या उडतानाच्या फोटुत माणसांच्या पुढं नुस्ता दांडका हाय. मग ही उतरायची गाडी पुढं कवा आली?"

"खालून, रॉकेटच्या आतून सरकत येते," दीक्षा म्हणाली.

"सरकत? मधी इंजिन हाय की. डबा इंजिनाच्या पोटातनं जातो व्हय?"

वर्ग हसला. मुख्याध्यापिकांचे पेन थांबले. हे उत्तर टिकवायचे तर दुसरे रचावे लागणार, हे दीक्षाला कळत होते.

"मी ते मनाने सांगितले. चूक आहे," ती म्हणाली. "मामा, तुम्ही यार्डात काय करता?"

"नगरची गाडी पुन्याला जायची आसली की हितं तोंड उलटं व्हतं. मग इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळानं दुसऱ्या टोकाला आनायचं आन् जोडायचं."

दीक्षाने डिंकाचा जोड उपटला. उतरायचे यान इंजिनाखाली ठेवले, कक्ष पुढे काढला, उलटा फिरवला आणि नाकाला नाक लावून यान ओढून घेतले.

"असे असावे. हा अंदाज आहे. उद्या पुस्तकात पाहून सांगेन."

पुस्तकात तसेच निघाले. चंद्राची वाट धरल्यावर थोड्याच वेळात ही जोडणी झाली होती. दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात सांगितले आणि संध्याकाळी रेल्वे कॉलनीत जाऊन मामांना ते पान दाखवले.

त्यांनी ते सावकाश वाचले. "आन् जोडताना मधी कोन हुबं ऱ्हायलं?"

"कोणी नाही. खटके आपोआप बसले."

"मंग सुखरूप गेले आसतील," मामा म्हणाले. "आमच्यात जोडताना हात गेलेत लोकांचे."

आठवड्याने मुख्याध्यापिकांचा शेरा आला. विषयाची तयारी अपुरी. चूक वर्गासमोर मान्य केली व दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली. कायम करण्यास हरकत नाही. दीक्षाने पहिले वाक्य पुन्हा वाचले. ते अचूक होते. तिने सही करून कागद परत दिला.