भुंगीचा निरोप

"आ करा," बाई म्हणाल्या, आणि चमच्याचा दांडा पाळकांच्या जिभेवर दाबून त्यांनी खिडकीच्या उजेडात नवऱ्याच्या घशात डोकावून पाहिलं. आत सगळं लालभडक झालं होतं.

"काही खरं नाही. आज तोंडाला कुलूप."

पाळक काहीतरी म्हणायला गेले. आवाजाऐवजी नुसता वारा बाहेर आला. इथल्या डॉक्टरांनी कालच बजावलं होतं, की कुजबुजसुद्धा करायची नाही, नाहीतर आवाज कायमचा बसेल. बोलणं हेच ज्याचं काम, त्याला ही शिक्षा म्हणजे सुताराचे हात बांधून ठेवण्यासारखीच. एरवी बाईंनी चेष्टेने म्हटलंही असतं, की देवाने अखेर माझी प्रार्थना ऐकली. पण सकाळची उपासना तोंडावर आली होती आणि चेष्टा सुचत नव्हती.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी ही जोडी दोन बॅगा घेऊन किती वर्षं देशोदेशी हिंडत होती. एका चर्चच्या मंडळीने बोलवावं, दुसरीने विमानतळावर न्यायला यावं, तिसरीने परतीचं तिकीट काढावं, असं चाललेलं. बाईंना देश आठवायचे ते पाहुण्यांच्या खोल्यांवरून. कुठे उशी म्हणजे नुसता दगड, कुठे न्हाणीघराची कडी बसायची नाही, कुठे गरम पाण्याच्या नळातून गार पाणी. पाळकांना यातलं काही आठवायचं नाही. त्यांना माणसं आठवायची, आणि ती रडली का, एवढंच.

दार वाजलं. दुभाषीबाई आत आल्या. आठवडाभर शाळेत शिकवायच्या आणि रविवारी मंडळीसाठी पाहुण्यांची भाषणं वाक्यावाक्याने इथल्या भाषेत सांगायच्या. त्यांनी पाळकांच्या गळ्याभोवतीचा मफलर पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"लांबलांबून लोक आलेत हो. मुलीची साक्ष ऐकायला."

पाळकांनी दोन्ही हात पसरले, मग बायकोकडे बोट दाखवलं.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कधी बोलले नाहीये."

"पण तुम्हाला तोंडपाठ असेल," दुभाषीबाई म्हणाल्या. "तुम्ही तर तिथे होतात."

पाळकांनी मान डोलावली. ओठांनीच म्हणाले, तू सांग.

साक्ष त्यांना तोंडपाठ होती यात शंकाच नव्हती. पाळक ती सांगत तेव्हा बाई पहिल्या रांगेत बसत, हात मांडीवर, डोळे खाली, आणि पुढचं प्रत्येक वाक्य त्यांना आधीच ऐकू येई. मिशनच्या दूरच्या एका ठाण्यावर हे दोघं नवीनच आलेले. अंगणाच्या एका बाजूला घर, समोरच्या बाजूला छोटं प्रार्थनामंदिर. सहा वर्षांची लेक तापाने फणफणलेली. डॉक्टर सकाळी येणार. संध्याकाळच्या उपासनेला सगळी वस्ती जमलेली, पोरीचा जरा डोळा लागलेला, म्हणून बाप निघाला. परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. बापाने दारातच विचारलं, काही म्हणाली का? आणि आईने सांगितलं: म्हणाली, पपांना बोलवू नकोस. लोक त्यांची वाट बघतायत.

इथे पाळक थांबायचे. दुभाषी थांबायचा. सभागृहात कुणीतरी हुंदका द्यायचंच. त्या एका वाक्याने कितीजणांनी दारू सोडली होती, कितीजण आपलं गाव सोडून सेवेला निघाले होते. एका म्हाताऱ्या जोडप्याने ते वाक्य कापडावर भरून भिंतीला लावलेलं बाईंनी स्वतः पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांना तिथे जेवण गेलं नव्हतं.

कारण पोरगी असं काही म्हणालीच नव्हती.

तिला घरात भुंगी म्हणत. खेळताना, जेवताना, वेणी घालून घेताना सारखी तोंडातल्या तोंडात गुणगुणायची म्हणून. सहा वर्षांच्या भुंगीला लोक वाट बघतायत वगैरे काय कळणार? डोळा लागला होता तो बाप बाहेर पडेपर्यंतच. मग ती जागी झाली आणि म्हणाली, "आई, पपांना बोलाव." पुन्हा म्हणाली. मग ओरडून म्हणाली, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून. निरोप द्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं, सगळी वस्ती मंदिरात. अंगण ओलांडून पळत जायला कितीसा वेळ लागला असता? पण पोरीने हात धरला होता आणि बाईंना तो सोडवेना. शेवटी शेवटी भुंगी नुसते ओठ हलवत राहिली. आणि मग नवरा दारात येऊन उभा राहिला, घामाघूम, आणि त्याने तो प्रश्न विचारला. त्याचा चेहरा बघून बाईंच्या तोंडून ते वाक्य निघालं. एका माणसाने एक रात्र काढावी एवढ्यासाठीच ते होतं. तो त्याच्यावर उभं आयुष्य काढील हे बाईंना काय ठाऊक?

तेव्हापासून भुंगी विचारायची.

दिवेलागणीला, कुठल्याही देशात, पाहुण्यांच्या कुठल्याही खोलीत, भिंतीच्या पलीकडून. रडून नाही, रागावून नाही. कामाला पाठवलेल्या माणसाला विचारावं तसं: आई, बोलावलंस का? सुरुवातीला बाई उठून पलीकडच्या खोलीत पाहून यायच्या. पुढे पुढे नुसतं "बोलावते हं" म्हणायच्या. एकदा मायदेशी विमानतळावर असं मोठ्याने म्हणून गेल्या, तर पासपोर्टच्या खिडकीतल्या पोराने घाबरून वरच्या साहेबाला हाक मारली होती. पाळक नंतर कितीतरी दिवस त्यावरून हसत होते. बाईही हसल्या होत्या. ते गुणगुणणं मात्र त्यांना आता आठवत नव्हतं. भिंतीवरच्या वाक्यातल्या त्या शहाण्या मुलीने भुंगीला हळूहळू घराबाहेर काढलं होतं, आणि बाईंना त्याचा राग यायचा, नवऱ्याचा नाही, त्या दुसऱ्या मुलीचा.

सभागृह भरलं होतं. मागे उभी माणसं, खिडक्यांतून ऊन. बाई माइकपुढे उभ्या राहिल्या, शेजारी दुभाषीबाई. पहिल्या रांगेत बाईंच्या नेहमीच्या जागी आज पाळक बसले होते, हात मांडीवर ठेवून.

सुरुवातीची वाक्यं नवऱ्याचीच आली. ठाणं, अंगण, ताप. एक वाक्य बाई, एक दुभाषीबाई. लोक पुढे झुकले. चालीवर पाय पडत जावा तसं सगळं सोपं होतं, आणि बाईंना क्षणभर वाटलं, की हेही निभेल, नेहमीसारखं. मग त्या दारातल्या प्रश्नापाशी आल्या. काही म्हणाली का?

आणि भर सकाळी, सभागृहाच्या भिंतीपलीकडून, भुंगीने विचारलं.

बाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी त्यांना सांगितलं, पपांना बोलवू नकोस म्हणाली. ते खोटं होतं."

दुभाषीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. खालच्या आवाजात विचारलं, "असंच सांगू?" दुभाषीबाईंनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी सावकाश, एकदाच, मान डोलावली. सांगा.

"ती म्हणत होती, पपांना बोलाव. शेवटपर्यंत तेवढंच म्हणत होती. मी गेले नाही. तिला सोडून मला जाववलं नाही. ते समोर मंदिरात होते, सगळे गात होते, त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांची काही चूक नाही. तुम्ही जे ऐकायला आलात ते मी माझ्या मनाने रचलं. पोरीचा निरोप वेगळा होता. तो मी आज देतेय."

ही वाक्यं पाळकांपर्यंत आधी पोचत होती आणि लोकांपर्यंत मागाहून. बाईंना ते बघवेना. त्यांनी आयुष्यभर ज्या घावापासून नवऱ्याला वाचवलं होतं तो त्या आपल्या हाताने घालत होत्या, तोही चारचौघांत. पण थांबल्या नाहीत. सभागृहात कुणी आमेन म्हणालं नाही. एक बाळ रडलं, त्याला बाहेर नेलं, आणि बाजाच्या पेटीवरच्या माणसाला काही सुचेना म्हणून तो नुसता बसून राहिला.

जेवताना यजमान हवापाण्यावर बोलले. एका म्हातारीने येऊन बाईंचा हात धरला आणि सोडला. बाकीच्यांना कुठे बघावं तेच कळत नव्हतं. दुपारी गाडी येणार होती. पुढच्या गावी संध्याकाळची सभा होती, आणि ती रद्द करा असं अजून कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

खोलीत बाई बॅग भरू लागल्या. पाळक पलंगावर बसले होते, कोट चढवून, बूट घालून, नाड्या बांधून. कुठेही निघायचं असलं की हा माणूस असाच वेळेच्या आधी तयार. बाईंनी बॅगेत सदरे घातले, मफलर घातला, तो परत काढला, कारण तो त्यांना गळ्याला लागणार होता. मग हातातलं सगळं टाकून त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"मला शिव्या द्या," त्या म्हणाल्या. "आवाज आला की द्या. पण माझ्याकडे बघा तरी."

पाळकांनी वर पाहिलं. डोळे लाल होते, पण रागाचं त्यांत काही नव्हतं. बाईंना त्याचीच भीती वाटली.

"ऐकू येत होतं," पाळक म्हणाले. आवाज खरवडून काढल्यासारखा होता.

"बोलू नका हो. हो, माइक चांगला होता तिथला."

पाळकांनी मान हलवली.

"आज नाही. तेव्हा."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्या खुर्चीतून पुढे सरकल्या.

"मंदिरात?"

"मंदिरात. गाणं चालू होतं. दोन कडव्यांच्या मधे ऐकलं. पपा पपा करत होती." त्यांनी गळ्याला हात लावला, थांबले, तरी बोलले. "मला वाटलं, गेलो तर मंडळीपुढे मला परत येता येणार नाही. पाय उचलेना. मी मंडळीला म्हटलं, मोठ्याने म्हणा."

बाहेर कुणीतरी झाडून काढत होतं. केरसुणीचा आवाज येत होता.

"दारात मी विचारलं," पाळक म्हणाले, "तेव्हा मला तूच सांगायला हवं होतंस, की ती हाका मारत होती आणि तुम्ही आला नाहीत. तू म्हणालीस, बोलवू नकोस म्हणाली. मला वाटलं, तुला सगळं कळलंय. कळूनसुद्धा तू मला माफ केलंस. तीच साक्ष होती माझी. मुलीची नाही. तुझी."

एवढं बोलून आवाज पार गेला. ते ओठ हलवत राहिले, आणि बाई त्या ओठांकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या जिला "बोलावते हं" म्हणत आल्या होत्या, तिची हाक त्याच संध्याकाळी पोचली होती. कुणी पोचवायची राहिलीच नव्हती. नवरा समोर बसला होता, त्या दिवशी दारात उभा होता तसाच चेहरा करून, आणि वाट बघत होता. काहीतरी एक वाक्य मिळालं तर तो पुढची रात्र काढणार होता. बाईंनी मनात शोधलं. दयेचं सापडेना, रागाचंही सापडेना. जे होतं तेवढंच तोंडातून आलं.

"खिडकी मी उघडली होती," त्या म्हणाल्या. "वारा लागू नये म्हणून तुम्ही बंद करून गेला होतात. मी उठून उघडली. तुम्हाला ऐकू जावं म्हणून."

पाळकांनी डोळे मिटले.

खाली गाडी आली. दार आपटल्याचा आवाज झाला, मग दुभाषीबाई जिन्याच्या तळाशी उभ्या राहून विचारत्या झाल्या, की बॅगा न्यायला कुणाला वर पाठवू का. पाळक पुढे वाकले. बाईंना वाटलं, बॅग उचलायला वाकले. पण त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, आधी एक, मग दुसरी, बूट काढून पलंगाखाली सरकवले, आणि तसेच कोटासकट बसून राहिले.