चनबसप्पांची तीन बोटं

मित्रांनो, माझ्या पोटात एक निळसर हिरवा, गुळगुळीत रूळ आहे. त्याला ड्रम म्हणतात. त्याच्यावर फार वेळ उजेड पडू द्यायचा नसतो आणि बोट तर मुळीच लावायचं नसतं. तुमच्या डोळ्यातलं बुबुळ जसं नाजूक, तसाच तो. मी एक जुना लेझर प्रिंटर, आणि माझ्या बुबुळाला ज्यांनी हात लावला त्यांचीच ही गोष्ट आहे. ऐकताना मागे वळून बघावंसं वाटलं तर खुशाल बघा. मलाही अधूनमधून तसं वाटतं, पण मला मान नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली ती सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळच्या एका जिन्याखालच्या ऑफिसात. तिथे चनबसप्पा लोकांचे दस्त, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देत. तरुणपणी ते यंत्रमागावर होते. मागाने त्यांच्या उजव्या अनामिकेचं वरचं पेर खाल्लं, तेव्हा त्यांनी माग सोडला आणि टायपिंग धरलं. माझ्यावर त्यांचा भारी जीव! उन्हाळ्यात सोलापूर तव्यासारखं तापलं की माझ्याकडे पंखा वळवून स्वतः घाम पुसत बसत. गिऱ्हाइकाला कागद देताना म्हणत, "बघा की, मोती सांडल्यात मोती!" खोटं कशाला बोलू, मी फुगून जायचो.

खंडेनवमीला इतरांची यंत्रं बाहेरून हळद-कुंकू लावून घेतात आणि सुटतात. चनबसप्पांना ते पटत नसे. मागावर असताना ते थेट आतल्या, सूत वाहणाऱ्या धोट्याला विभूती लावायचे. माझंही झाकण उघडून आतल्या पत्र्यावर तीन बोटं ओढायचे. मी सोसत आलो. पण गेल्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी ज्यात शाई आणि ड्रम असतो ते काडतूसच बाहेर काढलं, त्याची झडप सारली आणि म्हणाले, "यंत्राचा जीव आत असतोय. वरवर नमस्कार करून भागतंय व्हय?" मी ओरडलो, पण आमचं ओरडणं म्हणजे एक लाल दिवा. त्यांनी विभूतीची तीन बोटं ड्रमवर दाबून ओढली. भक्ती खरी होती आणि राख खरखरीत होती.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून ते घरी गेले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलीने, श्रीदेवीने, ऑफिस उघडलं. बरोबर तिची आई सिद्धम्मा होती. पहिला कागद बाहेर आला आणि दोघी बघतच राहिल्या. कागदावर तीन राखाडी पट्टे. खाली पुन्हा तीन, त्याच्याखाली पुन्हा तीन. प्रत्येक वेळी तिसरा पट्टा आखूड.

सिद्धम्माने त्या आखूड पट्ट्यावर आपलं बोट ठेवलं. "तुझे अप्पा," ती एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ती रोज येऊ लागली. वाया गेलेले कागद मांडीवर घेऊन त्यांच्याशी बोलत बसायची. मला कारण ठाऊक होतं. ड्रम जिथे घासला गेला तिथे शाई उगाच चिकटते आणि ड्रमच्या दर फेऱ्याला तोच डाग उमटतो. सगळं ठाऊक असूनही, कागद सरकताना आतून तीन बोटं दाबल्यासारखी वाटायची. गरम व्हायची जागा ती, पण बोटं गार असायची.

गिऱ्हाइकं मात्र बिचकली. होटगीची मायाक्का नातीचा लग्नाचा बायोडाटा करायला आली होती. कागद बघून तिने हातच मागे घेतला. "लगनाच्या कागदावर मेल्या माणसाची राख? न्हाय बाई, मला नगं." बातमीला पाय फुटले. समोरचा बाक रिकामा राहू लागला.

शेवटी श्रीदेवीने मोहोळच्या धनाजीला बोलावलं. तो यंत्रं दुरुस्त करायचा. आधी त्याने कागद तापवणारा रोलर पुसला; पट्टे तसेच. मग त्याने छपाई चालू असतानाच अर्ध्यावर माझं झाकण उघडलं; रोलरपर्यंत न पोचलेल्या कागदावरही पट्टे होतेच. काडतूस काढून त्याने दोन पट्ट्यांमधल्या अंतराएवढी कागदाची पट्टी कापली आणि ड्रमभोवती गुंडाळली. टोकाला टोक बरोबर भिडलं. "हा बघा चोर. ड्रम बदलला की झालं," तो म्हणाला.

"बेड, श्रीदेवी, बेड!" कानडीत 'नको, नको' म्हणत सिद्धम्मा उठून माझ्यापुढे उभी राहिली. "नको काढू. घरात ते न्हाईत, खुर्चीत न्हाईत. हितनं पण काढलं तर ते कुटं जातील गं?"

धनाजीने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. श्रीदेवीला रडू आवरेना. "अव्वा, ऑफिस बंद पडलं तर अप्पांचं काय उरतंय, सांग की!"

म्हातारीने पदराने लेकीचे डोळे पुसले. मग म्हणाली, "एक कोरा कागद काढून दे. काय लिहू नको त्याच्यावर."

धनाजीने काडतूस पुन्हा बसवलं. कोरा कागद माझ्यातून गेला आणि तीन-तीन बोटं घेऊन बाहेर आला. तिने तो पदराखाली धरला आणि मागे न बघता निघून गेली.

नवा ड्रम बसला. कागद स्वच्छ येऊ लागले, मायाक्काच्या नातीचा बायोडाटासुद्धा. बाक पुन्हा भरला. सिद्धम्मा मात्र यायची थांबली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो मित्रांनो, मला पोरकं वाटलं.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. श्रीदेवीने आईला आग्रहाने आणलं. तुम्हीही लक्षात ठेवा मित्रांनो, यंत्रावर माया करावी, पण ती झाकणाबाहेरून. पुसावं, झाकावं, आत बोटं घालू नयेत. श्रीदेवी तेवढं शिकली होती. तिने मला बंद ठेवलं, विभूती घेतली आणि झाकणावर तीन बोटं ओढली.

बोटं गार होती.

तिने हात उचलला आणि तशीच थबकली. दोन पट्टे लांब होते, तिसरा आखूड. तिने हळूच आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. तिची अनामिका धडधाकट होती, नखापर्यंत विभूतीने माखलेली.

सिद्धम्मा पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर सावरावा तसा, पूजेसाठी मागे सारलेला माझ्यावरचा धुळीचा टॉवेल सरळ केला आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या घरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "हितंच हाय की तुमी."