नवव्या कलमातला शब्द

मामांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि नवव्या कलमातल्या एका शब्दावर आडवी रेघ मारली.

"हे काय केलंत?" भाची टेबलावरून वाकली.

"कच्ची प्रत तपासायला आणलीस ना? चूक दिसली, खोडली."

"ती चूक नाहीये, मामा."

पलीकडे छपाईचं यंत्र खडखडत होतं. तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

वडिलांच्या माघारी कंपासपेट्यांचा कारखाना तिच्याकडे आला, तेव्हा एक जुनी आचारसंहिताही कपाटात सापडली होती. चाळीस पानं, कुणा सल्लागाराने लिहिलेली, कुणीच न वाचलेली. नवी लिहायची तर माणसांना विचारूनच, असं तिने ठरवलं. दोन महिने ती रोज दुपारी एकेका विभागात जाऊन बसली. आधी सगळे "छान आहे, बाई" एवढंच म्हणायचे. मग हळूहळू तोंडं उघडली. जादा काम नेमकं कुणाच्या वाट्याला येतं, साहेब अंगावर ओरडले तर सांगायचं कुणाला. एके दिवशी पॅकिंगच्या मावशींनी हातातली पेटी खाली ठेवून विचारलं,

"नातेवाइकांना काम देताना चार ठिकाणी दर विचारायचे, असं लिहिताय. मग मामांचं काय?"

कुणीतरी उगाच खोकलं. कारखान्याची लेबलं, खोकी, माहितीपत्रकं पंचवीस वर्षं मामांकडेच छापली जात होती. दुसरीकडे कधी कुणी विचारलंच नव्हतं. ती "बघते" म्हणाली, आणि कलमात 'शक्यतो' घालून मोकळी झाली.

"तुमचा अर्धा छापखाना आमच्या कामावर चालतो," ती आता हळूच म्हणाली.

"मला सांगतेस? छापखाना माझा आहे."

"मामी काय म्हणतील?"

"म्हणतील, यांना धड दर काढता येत नाहीत. खरंच आहे. कधी काढावेच लागले नाहीत." मामा हसले, मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "हे बघ, पुस्तिका हातात आली की तुझ्या पॅकिंगच्या मावशी आधी नववं कलम उघडणार. तिथे 'शक्यतो' दिसलं की म्हणतील, बाईंनी आम्हालाच मामा बनवलं. मग बाकीची पानं कशाला वाचतील?"

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"निदान ही पुस्तिका तरी तुम्ही छापा."

"हीसुद्धा नाही. चार ठिकाणी विचार. त्यातला एक मी."

दरांचे लिफाफे पॅकिंग विभागातच, सगळ्यांसमोर उघडले. मामा दुसरे आले, अगदी थोडक्या फरकाने. पुस्तिका दुसऱ्या छापखान्यात गेली. तिने मामांना फोन करून कळवलं.

"कागद कुठला घेतला त्यांनी?" मामांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"हात्तिच्या! तो तर मलाही चालला असता, मी उगाच महागाचा धरला. बघतोच आता त्यांना."

पुस्तिका वाटल्या त्या दिवशी मावशींनी उभ्याउभ्याच नववं कलम काढलं. ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं. मग पुस्तिका एप्रनच्या खिशात घातली.

"बाई, लेबलांचे दर सोमवारपर्यंत द्यायचेत. मामांना आठवण करा."

"सगळ्यांना एकच पत्र गेलंय, मावशी. त्यांना वेगळी आठवण कशी करू?"

मावशींनी खिशातल्या पुस्तिकेवर हात ठेवला.

"तेही खरंच," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी तिला खिडकीतून मामा दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून ते फाटकापाशी उभे होते. इतकी वर्षं त्यांना न विचारता आत सोडणाऱ्या पहारेकऱ्यासमोर त्यांनी आपणहून वही ओढून नाव लिहिलं. खाली खरेदी विभागात लिफाफा दिला, पोच घेतली, ती नीट घडी करून खिशात ठेवली. वर तिच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याकडे वळलेच नाहीत.

फाटकातून बाहेर पडताना मात्र, वर न बघताच, त्यांनी हात हलवला.