सौरवसाठी घोडी
येळ्ळूरच्या मालुबाईनं घोडी घेतली ती भर दुपारी, तांदूळ निवडता निवडता. एका हातानं खडे काढत, दुसऱ्यानं फोन चाळत बसली होती, तेवढ्यात घोडी दिसली. पांढरी, बरगड्या वर आलेली, कपाळावर मळका लाल गोंडा. निपाणीजवळ जनावरं सांभाळणाऱ्या एका संस्थेनं फोटो टाकला होता. बारा वर्षं वरातीत राबली, आता म्हातारपणाला घर हवंय, असं खाली लिहिलेलं. मालुबाईनं ‘मला पायजे’ लिहून टाकलं आणि घाबरून फोन पालथा घातला.

संध्याकाळी नवरा शेतातनं आला, तेव्हा भीत भीत सांगितलं.

“घोडी?” भरमू म्हणाला. “आनि काय करायचं तिचं?”

“ऱ्हाईल की म्हशीशेजारी.”

खरं कारण तिनं सांगितलं नाही, पण तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ते सांगावं लागतंय कुठं? एकुलता एक सौरव मेलबर्नला. दोन वर्षांमागं तिथंच कचेरीत सह्या करून त्यानं लग्न केलं. सून चांगली होती, तक्रारीला जागा नव्हती. पण गावात नवरदेव आधी घोडीवर बसून मारुतीला जातो आणि मगच मांडवात येतो. दुसऱ्यांच्या पोरांच्या घोड्यांच्या पायांवर मालुबाईनं आयुष्यभर कळशीनं पाणी घातलं होतं. एकदा तरी आपल्या दारातनं घोडी निघावी, एवढी एकच आस तिला होती. मे महिन्यात सौरव येणार होता. आता घोडीही आली म्हणजे झालंच.

संस्थेचा नागेंद्र टेम्पोतून घोडी घेऊन आला. त्यानं कन्नडमध्ये एकेक अट वाचून दाखवली. मालुबाईला कन्नड चांगलं येत होतं, पण तिचं सगळं लक्ष घोडीच्या पापण्यांकडं. प्रत्येक अटीला मान डोलावून तिनं सही ठोकली.

“बसायला चालतंय न्हवं हिच्यावर?” भरमूनं विचारलं.

“अण्णा, आत्ता तेच वाचलो की,” नागेंद्र म्हणाला. “पाठ गेल्या तिची. ल्हान पोरगं बी बसवायचं न्हाय. परत न्हेऊ काय?”

मालुबाईचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात घोडी आपणहून पुढं आली आणि उंबऱ्याला आडवी उभी राहिली. नवरदेवाला चढायला सोपं जावं म्हणून बारा वर्षं उभी राहायची, तशीच.

“नको न्हेऊ,” मालुबाई म्हणाली.

मे लागला आणि सौरवचा फोन आला. सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की. “असू दे रं, कामाचं बघ,” असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन घोडीच्या मानेवर डोकं ठेवून पोटभर रडली. माणसानं दुसरं काय करावं?

शनिवारी सकाळी मात्र तिनं घोडीला आंघोळ घातली, गोंडा धुऊन बांधला आणि सौरवला व्हिडिओ कॉल लावला.

“टोपी घाल.”

“टोपी? आई, काय चाललंय?”

“घाल म्हटल्यावर घालायची.”

लगाम भरमूच्या हातात देऊन ती घोडीच्या बाजूला उभी राहिली. फोनचा कॅमेरा पुढं केला आणि हात ताणून फोन घोडीच्या पाठीवर उंच धरला. नवरदेवाचं तोंड जिथं आलं असतं, बरोबर तिथं. सौरवला आता घोडीचे दोन कान दिसत होते आणि कानांमधनं गल्ली.

“हलू नको आता,” ती म्हणाली. “बसलाईस तू.”

पलीकडं सौरवनं टोपी सारखी केली. मग आवाज आला, “चल.”

घोडी निघाली. बायका दारात आल्या. कुणी तोंडाला पदर लावला, पण शेजारची मनुबाई हसली नाही. ती आत गेली, कळशी घेऊन आली आणि घोडीच्या पायांवर पाणी घातलं.

“आई, ते भावकूआप्पाचं दुकान न्हवं?” सौरवनं विचारलं.

“व्हय. बघून घे.”

मग तो बोलला नाही. भरून आलं असेल लेकराला, असं तिला वाटलं. हाताला रग लागली, खांदा भरून आला, तरी तिनं फोन तसूभरही खाली येऊ दिला नाही.

मारुतीच्या पायरीशी घोडी थांबली, तेव्हा कुठं तिनं फोन खाली घेतला. फोनवर काहीच नव्हतं. भावकूच्या दुकानापुढंच रेंज गेली होती. अर्धी वाट तिनं नुसताच फोन मिरवला होता.

भरमूला ते कळलं. “चल, घराकडं,” म्हणत त्यानं लगाम ओढला. घोडी हलेना. त्यानं चुचकारलं, परत ओढलं. पाय रोवून ती तशीच उभी. वरातीतली घोडी ती, पाठीवरचा नवरदेव उतरल्याशिवाय देवळापुढनं हलायचं नाही, हे तिला शिकवलेलं.

मालुबाईनं तिच्या रिकाम्या पाठीकडं पाहिलं. मग तिथं हात ठेवून हळूच म्हणाली, “उतर बाळा.”

घोडीनं पाय उचलला.